जिभेखालची दहा मिनिटं

सकाळी नऊ वाजता ती माणसं कंपाउंडच्या भिंतीला पाठ लावून रांगेत उभी राहायची. कधी अकरा, कधी तेरा. तोंडं मिटलेली, माना जराशा वर. कोणी बोलायचं नाही, खोकायचं नाही, तोंडातली लाळसुद्धा गिळायचं नाही. भिंतीच्या बरोबर समोर, पहिल्या मजल्यावर आमची बाल्कनी होती. त्यामुळे ती सगळी जणं माझ्याकडेच बघत असल्यासारखी वाटायची. आणि माझ्या मांडीवर, कोवळ्या उन्हात, रेवा असायची. साडेचार महिन्यांची.

लग्नानंतर मी सांगलीहून इकडे विदर्भात आले, त्याला दोन वर्षं झाली होती. तळमजल्यावर पूर्वी शिवणकामाचा वर्ग चालायचा. मी दवाखान्यातून बाळंत होऊन परत आले तर तिथे पांढरी पाटी लागलेली होती. पाटीवर 'उपचार केंद्र' एवढंच लिहिलं होतं. कशावरचा उपचार, ते बोकारेकाकांनी सांगितलं. ते आमच्या सोसायटीचे सचिव.

"गर्दुल्ले आहेत सारे," जिन्यातच मला थांबवून ते म्हणाले. "सुया टोचून घेणारे. सरकार त्यांना रोज इथं औषध देऊन राहिलं. आपल्या लेकरांच्या डोक्यावर, सांगा आता!"

केंद्राच्या दाराला एक कागद चिकटवलेला होता. जाता-येता मला तो पाठ झाला होता. औषधाची पूड सिस्टरसमोर जिभेखाली ठेवावी. दहा मिनिटं बोलू नये, गिळू नये. थुंकल्यास त्या दिवशी पुन्हा औषध मिळणार नाही. आत जागा नव्हती म्हणून ती दहा मिनिटं ते बाहेर काढत. लपवून नेऊन कोणी ते विकू नये, म्हणून सिस्टर दारात उभ्या राहून एकेका तोंडाकडे बघत असायच्या.

त्या रांगेत डावीकडून तिसरा एक माणूस होता. एप्रिलमध्येही पूर्ण बाह्यांचा हिरवा स्वेटर घालायचा. गाल आत गेलेले, केस मात्र नीट पाणी लावून विंचरलेले. बाकीच्यांची नजर कुठेतरी हवेत असायची. हा माझ्या मांडीकडे बघायचा.

एका सकाळी त्याने हात वर केला. एका बोटाने स्वतःच्या डोळ्याची खालची पापणी खाली ओढली, आतलं लाल दिसेपर्यंत. मग तेच बोट रेवाकडे रोखलं.

मी तिला पदराखाली घेऊन आत आले आणि बाल्कनीचं दार लावलं. रात्री निरंजनला सांगितलं, तर तो जेवता जेवता म्हणाला, "वेडा असेल. तू बाल्कनीत बसत जाऊ नकोस ना." त्याला बुटीबोरीच्या कारखान्यात पहिली पाळी होती. पहाटे पाचला तो घर सोडायचा.

इंदूआत्यांना फोन केला. या निरंजनच्या आत्या, मंदसोरच्या. बाळंतपणानंतर चार महिने त्या माझ्याकडे राहून नुकत्याच गेल्या होत्या.

"दृष्ट लावली मेल्यानं," त्या म्हणाल्या. "मीठमोहऱ्या उतरव बेटा. आणि तीट गालाला नाही, कानामागे लाव. झोपते का नीट?"

"झोपते आत्या. आता खूपच शांत झाली आहे."

ते खरं होतं. पहिले तीन महिने रेवा रात्रंदिवस रडली होती. मी उभ्याने जेवायचे, उभ्याने डुलक्या काढायचे. एकदा दूध उतू जात असताना मी त्याकडे नुसती बघत उभी होते. तेव्हा आत्यांनी मला ओट्यापासून बाजूला केलं आणि आपल्या पेटीतून गुटीचा पितळी डबा काढला. हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, हिरडा, जायफळ, बदाम. सगळ्यात खाली मलमलीच्या चिंधीत बांधलेला एक काळा खडा. सहाणेवर आईच्या दुधात एकेक उगाळायचं आणि बोटाने चाटवायचं. जाताना त्या डबा माझ्याकडेच ठेवून गेल्या. मी सूक्ष्मजीवशास्त्राची पदवीधर. सहाण रोज वीस मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवायचे, वाटी वेगळी, फडकं वेगळं. आत्या मला हसायच्या.

गुटी सुरू झाली आणि रेवा बदलली. दूध पिऊन झोपायची, उठली की टक लावून बघायची. पापणी लवकर हलायची नाही. डोळ्यांतल्या बाहुल्या बारीक, मोहरीएवढ्या, आणि त्यात काहीच चाललेलं नाही असं वाटायचं. अधूनमधून स्वतःचं नाक चोळायची. शेजारच्या म्हणायच्या, किती गुणी पोर आहे. मलाही तसंच वाटायचं. पण कधीकधी ती माझ्याकडे बघत असताना मला उगीचच मागे वळून बघावंसं वाटायचं, की ती नक्की कोणाकडे बघते आहे.

तो माणूस मग जिन्यात भेटला. मी भाजी घेऊन वर चालले होते, रेवा कडेवर. जिन्याच्या वळणावर तो उभा होता, तोंड घट्ट मिटलेलं. दहा मिनिटं संपायच्या आतच रांगेतून सटकून आला असणार. त्याने तळहात आडवा करून स्वतःच्या नाकाखाली धरला. मग तोच तळहात हळूहळू रेवाच्या तोंडाकडे आणला.

मी किंचाळले. पिशवीतले टोमॅटो जिनाभर घरंगळले. वॉचमन धावत आला आणि त्याने त्या माणसाला दंडाला धरून खाली ओढत नेलं. जाताना तो मान वळवून माझ्याकडे बघत होता. तोंड शेवटपर्यंत उघडलं नाही.

त्या दुपारी मी अर्ज लिहिला. केंद्र आमच्या इमारतीतून हलवावं, लहान मुलांच्या जिवाला धोका आहे. माझं मराठी बरं, अक्षर बरं. बोकारेकाकांनी दोन दिवसांत बेचाळीस सह्या गोळा केल्या. गुरुवारी सकाळी अकराला केंद्राचं काम बघणारे साहेब पाहणीला येणार आणि सगळ्यांसमोर मी बोलायचं, असं ठरलं.

मंगळवारी संध्याकाळी सिस्टर वर आल्या. शेवंता डोंगरे, पन्नाशीच्या, चपला हातात घेऊन जिना चढलेल्या. मी जाळीचं दार उघडलं नाही.

"ताई, दोन मिनिटं बोलायचं होतं."

"अर्जाबद्दल असेल तर बोकारेकाकांशी बोला."

"अर्जाचं राहू द्या. बाळाबद्दल. आमचा प्रल्हाद म्हणून एक आहे, तो म्हणते की बाळाचे डोळे..."

"हिरवा स्वेटर?"

"हो, तोच. तो रोज सांगून राहिला मला. वाईट नाही हो तो. दीड वर्ष झालं, सुईला हात नाही लावला त्यानं. येत्या सोमवारपासून त्याला दोन-दोन दिवसांचं औषध घरी न्यायची परवानगी भेटणार आहे. कामाला लागला ना तो, टायरच्या दुकानात. तुम्ही फक्त एकदा डॉक्टरांना..."

"माझ्या मुलीच्या डोळ्यांत त्याने बघू नये," मी म्हणाले. "त्याला सांगा. आणि तुम्हीही तिचं नाव काढू नका."

मी आतलं दार लावलं. कितीतरी वेळ चपला जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला नाही. त्या तिथेच उभ्या असाव्यात.

गुरुवारी निरंजन पहाटेच गेला. मला अकरा वाजता बोलायचं होतं आणि मध्ये रेवा रडायला नको होती. मी आठ वाजता गुटी उगाळली. साडेआठला तिला दूध पाजलं. दोन घोट घेऊन तिने तोंड सोडलं आणि दूध ओठांच्या कोपऱ्यातून तसंच वाहत राहिलं. मी पुसलं, तिला पाळण्यात ठेवलं आणि बोलायचे मुद्दे कागदावर काढायला बसले.

काही वेळाने मला जाणवलं की घरात काहीतरी कमी आहे. पंखा चालू होता, कुकरची वाफ येत होती, खाली केंद्राचं शटर वर गेलेलं ऐकलं होतं. कमी काय ते कळेना. मग कळलं.

मी पाळण्यापाशी गेले. रेवाची छाती हलत नव्हती. मी मोजायला लागले. एक, दोन, तीन. अकरावर एक श्वास आला, घरघरत, एखाद्या म्हाताऱ्या माणसासारखा. पुन्हा काही नाही. मी तिला उचललं, तिची मान मागे पडली. नखं जांभळी झाली होती, ओठांच्या कडाही. पापणी उघडली, तर आत तो मोहरीचा दाणा होता आणि तो कुठेच बघत नव्हता.

मी बाल्कनीत धावले. खाली रांग उभी होती. नऊ वाजून गेले असणार. तेरा मिटलेली तोंडं वर झाली.

मी फक्त रेवाला पुढे धरलं. तिचे हात खाली लोंबत होते.

मग हिरव्या स्वेटरवाल्याने मान वळवली आणि भिंतीवर थुंकला. पांढरी, ओली पूड विटांवरून ओघळताना मला वरून दिसली. तेव्हा मी त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला. बारीक होता, शाळेतल्या पोरासारखा.

"सिस्टर! इंजेक्शन! वरच्या बाळाचा श्वास गेला! ताई, दार उघडा, दार उघडा ताई!"

मी दार उघडेपर्यंत तो वर आला होता. जिन्यात कोणाची तरी पाण्याची बाटली हिसकावून त्याने दोनदा चूळ भरली, बाहीने तोंड खसाखसा पुसलं आणि मला काही न विचारता रेवाला माझ्या हातातून घेऊन टेबलावर निजवलं. तिची हनुवटी जराशी उचलली. आणि आपलं तोंड तिच्या नाकातोंडावर ठेवलं.

मी त्याचा स्वेटर धरून मागे ओढला. खरंच ओढला. आजही बोटांना ती लोकर आठवते.

"ओढू नका," तो म्हणाला. "शिकवलंय आम्हाला. इथंच शिकवलंय."

त्याने हलकी फुंकर घातली, गालांतल्या हवेची. रेवाची छाती वर आली. पुन्हा फुंकर. सिस्टर लाल डबा घेऊन आल्या, नशेने श्वास अडकला तर लागणारा. त्यातली काचेची कुपी त्यांनी मोडली आणि सुई भरली. सुई भरताना त्या स्वतःशीच बोलत होत्या, "डॉक्टर अकराला येतेत. हे बाहेरच्यांसाठी नाही. असू दे, असू दे बाप्पा." सुई रेवाच्या मांडीत गेली.

पंख्याचा आवाज तेवढा येत होता. प्रल्हाद फुंकत होता, थांबत होता, नाकाखाली तळहात धरत होता. ती खूण. जिन्यातली. श्वास आहे का?

मग रेवाने तोंड उघडलं आणि रडली. तीन महिने मी ज्या रडण्याला कंटाळले होते, तेच रडणं.

"काय दिलं होतं तिला?" सिस्टर विचारत होत्या. "ताई, काय दिलं?"

"काही नाही. दूध. गुटी."

प्रल्हादने ओट्यावरची सहाण उचलून नाकाशी नेली आणि लगेच दूर धरली. मग त्याने चिंधीतला काळा खडा बोटाने नुसता दाखवला, हात लावला नाही.

"अफू आहे, ताई."

आत्यांच्या मंदसोरकडे अफू पिकते, पण त्यांनी त्या खड्याला नाव दिलं नव्हतं. त्या त्याला 'काळी' म्हणायच्या. जाताना म्हणाल्या होत्या, "सहाणेवर काळीचा वेढा एकच. फार रडली तर दोन. तीन कधी नाही हो." बाकीच्या कशाचेही वेढे त्या मोजत नव्हत्या. ते मोजणं मला जुन्या बायकांचं काहीतरी वाटलं होतं. मी सहाण उकळून घेत होते, वाटी उकळून घेत होते. काय उगाळते आहे, ते विचारलं नव्हतं. दोनाने झोपली म्हणून तीन केले होते. त्या गुरुवारी मी सात वेढे दिले होते.

"मला त्या डोळ्यांवरूनच कळलं," प्रल्हाद म्हणाला. "आरशात पाहिले आहेत ना असे. नाक चोळणं बी तेच." मग खाली बघत तो म्हणाला, "बोलता येत नव्हतं. नंतर बोलाले आलो तर वॉचमन जिन्यात सोडत नव्हता."

इंजेक्शनचा असर उतरला की श्वास पुन्हा बंद पडू शकतो, असं सांगून सिस्टरनी रुग्णवाहिका बोलावली. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा अकरा वाजत होते. पाहणी माझ्याविनाच झाली. अर्ज मात्र तिथे होताच. बोकारेकाकांनी त्यात खाली एक ओळ वाढवली: आज सकाळी एक व्यसनी इसम औषध थुंकून महिलेच्या घरात शिरला.

दवाखान्यात मी जायफळ जास्त झालं असं सांगितलं. डॉक्टरांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. निरंजन म्हणाला, "अफूचं नाव काढलंस तर पोलीस येतील. आत्याला या वयात नेतील. तुला नेतील. रेवाला कोण बघेल?" तो ओरडला नाही. रेवाचा पाय हातात धरून तो हे म्हणाला.

शनिवारी सोसायटीच्या खोलीत चौकशी होती. आदल्या दिवशी सिस्टर मला दवाखान्याच्या व्हरांड्यात गाठून गेल्या होत्या. "केंद्र राहिलं नाही राहिलं, ते सोडा," त्या म्हणाल्या. "पण प्रल्हादच्या नावापुढे लाल फुली पडली. औषध थुंकला म्हणून. आता घरी न्यायची परवानगी नाही, रोज यावं लागते. माझ्या सांगण्याला कोण विचारते? तुम्ही फक्त एवढं सांगा की तो बाळासाठी थुंकला. बाकी काहीच नका सांगू."

साहेबांनी विचारलं, "बाई, तो माणूस तुमच्या घरात का शिरला होता?"

प्रल्हाद दाराजवळ उभा होता. केस पाणी लावून विंचरलेले. बाळासाठी म्हणाले असते तर पुढचा प्रश्न होता, बाळाला काय झालं होतं? आणि त्याच्या पुढचा. माझ्या जिभेखाली काहीतरी ठेवल्यासारखं झालं. गिळता येईना. भिंतीवर घड्याळ होतं. साहेबांनी दोनदा विचारलं. बोकारेकाका म्हणाले, "घाबरल्यात अजून त्या. राहू द्या."

मी वर बघितलं तेव्हा प्रल्हादने तळहात नाकाखाली धरला होता. बाळाचा श्वास कसा आहे, एवढंच त्याला विचारायचं होतं. मी मान खाली घातली.

केंद्र पुढच्याच आठवड्यात हललं, शहराबाहेर, चौदा किलोमीटरवर. तळमजल्याला कुलूप लागलं. पण सकाळी नऊ वाजता मी बाल्कनीचं दार उघडत नसे. उघडलं तर भिंतीजवळ कोणीच दिसायचं नाही, आणि तरी मला मोजावंसं वाटायचं. विटांवर पांढरा ओघळ होता. तो पावसातही गेला नाही.

दोन महिन्यांनी मी रेवाला शेजारणीकडे ठेवून बस बदलत त्या नव्या जागी गेले. पत्र्याची खोली, बाहेर बाभळी. सिस्टर मला बघून उठल्या नाहीत. त्यांनी रजिस्टर उघडून माझ्यासमोर सरकवलं. प्रल्हाद निमजे. एका चौकटीत लाल फुली. मग एकोणीस बरोबरच्या खुणा. मग रिकाम्या चौकटी, पानाच्या कडेपर्यंत.

"एकोणीस दिवस आला," त्या म्हणाल्या. "येण्या-जाण्यात अर्धा दिवस जाई. टायरवाल्यानं काढून टाकलं. मग एक दिवस नाही आला, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मालधक्क्यामागे सापडला. जुन्या मापानंच टोचून घेतलं असणार. अंगाला ती सवय कुठं राहिली होती?"

"जवळ कोणी नव्हतं?"

"दोघं होते. पोलीस येतील म्हणून पळून गेले."

मी त्या फुलीवर बोट ठेवलं.

"इथे कारण लिहायचं आहे," मी म्हणाले. "तो का थुंकला ते. मी सांगते, तुम्ही लिहा."

"आता?"

"आता."

सिस्टरनी पेन घेतलं. मी सुरुवात केली काळ्या खड्यापासून, वेढ्यांपासून. सात म्हणाले. माझं नाव सांगितलं, आत्यांचं सांगितलं. शनिवारचं घड्याळ सांगितलं, प्रल्हादचा नाकाखालचा तळहात सांगितला. आवाज मोठा झाला असावा, कारण बाहेरची कुजबुज थांबली. मग माझ्या लक्षात आलं की कुजबुज मुळात नव्हतीच. नऊ वाजून गेले होते. पत्र्याला पाठ लावून ते रांगेत उभे होते. सगळे माझ्याकडे बघत होते आणि एकाचंही तोंड उघडत नव्हतं.

माझं सांगून संपलं. कोणीच काही बोललं नाही. त्यांना बोलता येत नव्हतं.

मी बाहेर पडले तेव्हा रांगेतल्या एका अनोळखी, पोक्त माणसाने हात वर केला. तळहात आडवा करून स्वतःच्या नाकाखाली धरला आणि भुवया उंचावल्या.

"हो," मी म्हणाले. "चालतो आहे."